बरं आहे, काही नको

दिग्रसला मावशीच्या घरी राहायला गेले तेव्हा जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, बंद होतं. पावसाळाभर ते बंदच असायचं. जिनिंगच्या मागच्या भिंतीला लागून कामगारांच्या खोल्या होत्या, त्यातल्या शेवटच्या दोन खोल्या मावशीच्या. मावसाजी तिथंच फिटर होते. पावसाळ्यात ते मशिनी खोलायचे, पुसायचे, तेल घालायचे आणि संध्याकाळी हाताला घासलेटचा वास घेऊन घरी यायचे. दिवाळीच्या आसपास मशिनी सुरू झाल्या की होळीपर्यंत घरात एकच आवाज, घरर्‍घरर्‍, सकाळपासून. आठ दिवसांत तो ऐकू येईनासा व्हायचा. मावसाजींना मात्र यायचा. जेवताना त्यांचा हात ताटातच थांबला की मावशी म्हणायची, बिघडली वाटते तुमची तीन नंबरची. ते घास खाली ठेवायचे आणि चप्पल घालून निघून जायचे. तीन नंबर म्हणजे तीन नंबरची मशीन, हे कळेपर्यंत मी थोडी गोंधळलेलीच होते.

त्या घरात सगळं झाकून ठेवायची पद्धत होती. कापसाचे तंतू हवेत उडायचे आणि वाळत घातलेल्या मूगवड्यांवर, पाण्याच्या माठावर, केसांवर येऊन बसायचे. मावशी भाकरीच्या टोपल्यावर एक फडकं, चुनाच्या कढईवर दुसरं आणि स्वतःच्या डोक्यावर पदर, अशी दिवसभर झाकाझाक करत असे. चून म्हणजे पिठलं, पण आमच्याकडचं थोडं घट्ट, हिरव्या मिरचीचं, भाकरीनं तोडून खायचं. पावसाळ्यात आंबाडीची भाजी, त्यात ज्वारीच्या कण्या आणि वरून लसणाची फोडणी. पितृपक्ष आला की बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा आणि कोहळ्याची तळलेली गोड बोंडं. सकाळच्या भाकरी माझ्याकडे होत्या. मला चांगल्या यायच्या नाहीत, एका बाजूनं जाड व्हायच्या. मावसाजी जाड बाजू आधी खायचे. मावशी रोज विचारायची, जेवण बरोबर होते ना तुझं, आणि मी रोज म्हणायचे, बरं होते.

हे ‘बरं’ मी माझ्या गावाहून, फुलसावंगीहून आणलं होतं. आमच्या घरी कापूस, सोयाबीन आणि तूर, तिन्ही स्वतःच्या वावरात. आणि तिन्हींबद्दल कोणी काही विचारलं तर उत्तर एकच, बरं हाय. पीक जोरात असलं तर बरं हाय, कारण चांगलं म्हटलं की नजर लागते. पीक बसलं तरी बरं हाय, कारण वाईट म्हटलं की लोकं दुपारच्या चहाला तेच घेऊन बसतात. कापूस घरात येऊन पडेपर्यंत बाबांच्या तोंडून तिसरा शब्द मी ऐकला नव्हता. आईचं तेच. तिचे सांधे दुखायचे, ती उठताना भिंतीला हात लावायची, पण कोणी विचारलं की बरं हाय. आम्ही भावंडं खोटं बोलायचो नाही. खोटं बोललो तर मार बसायचा. ‘बरं हाय’ हे खोट्यात धरत नसत.

मला कॉलेजात पाठवलं ते बारावीच्या मार्कांमुळे आणि मावशीच्या हट्टामुळे. गावातून शिकायला बाहेर गेलेली मी पहिली मुलगी नव्हते, दुसरी होते. पहिली वर्षभरात नापास होऊन परत आली होती आणि ते विसरायला गाव तयार नव्हतं. बाबांनी म्हणून अट घातली होती, ती मावशीच्या समोरच. एक वर्ष पाहू, एकाही विषयात गेली तर बोरिया-बिस्तर उचलून घरी. ते रागानं बोलले नव्हते. मावशीनं मान डोलावली आणि मीही. विषय निवडायची वेळ आली तेव्हा फॉर्मच्या रांगेत माझ्या पुढच्या मुलानं भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित लिहिलं, म्हणून मी तेच लिहिलं. आज हे सांगताना हसू येतं, पण त्या दिवशी मला तो मुलगा फार विचारी वाटला होता.

कॉलेज गावाबाहेर होतं. तिथं पालक-प्राध्यापक नावाची एक पद्धत होती. वीसेक मुलं एका प्राध्यापकाच्या वाट्याला यायची आणि शिकण्यात काही अडलं, विषय बदलायचा असला, फॉर्मवर सही लागली, घरी काही झालं, की त्यांच्याकडे जायचं. माझ्या वाट्याला पांढरीपांडे सर आले. रसायनशास्त्राचे. यवतमाळच्या वकिलांच्या घरातले, उंच, बारीक, आणि बोलायला इतके सावकाश की त्यांचं वाक्य संपेपर्यंत घंटा होईल असं वाटायचं. ते सगळ्या विद्यार्थ्यांना ‘तुम्ही’ म्हणत. मला आयुष्यात कोणी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी नाव घेतलं की काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटायचं. नाव लांबलचक म्हणून मुलं त्यांना पाठीमागे पापां सर म्हणत. त्यांना ते माहीत होतं असा माझा संशय आहे.

दर शनिवारी प्रॅक्टिकल झालं की प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत ते बसायचे. टेबलावर एक लांब वही, कापडी पाठीची. त्यात प्रत्येकाला एक पान दिलेलं, आणि त्यावर तीन रकाने. तारीख, कसं चाललं आहे, काय हवं. दुसऱ्या प्राध्यापकांच्या वह्या प्राध्यापकच भरायचे. पांढरीपांडे सर वही आमच्यासमोर सरकवायचे आणि टोपण काढून पेन द्यायचे. लिहा, म्हणायचे. तुमचं पान आहे. मी पहिल्या शनिवारी लिहिलं, बरं आहे. काय हवं या रकान्यात लिहिलं, काही नको. सरांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, बरं. दुसऱ्या शनिवारी मी तेच लिहिलं. तिसऱ्या शनिवारी मी वरच्या ओळींखाली दोन-दोन टिंबं दिली, म्हणजे वरीलप्रमाणे.

माझ्या बाकावर शोभा नावाची दिग्रसचीच मुलगी बसायची. तिचं पान भरून वाहत असायचं. अमुक पुस्तक ग्रंथालयात एकच आहे, ते चार दिवस तरी मिळावं. अमुक धडा वर्गात ऐकू आला नाही, कारण पंखा वाजतो. एकदा तिनं लिहिलं, मला मागच्या बाकावरून फळा दिसत नाही, चष्मा लागला असावा, डॉक्टर कोणाकडे जावं. सरांनी तिला डॉक्टरचं नाव सांगितलं. तिला पुस्तक मिळालं, पंख्याला तेल मिळालं, चष्मा मिळाला. मला ती निर्लज्ज वाटायची. इतकं मागायचं असतं का कोणाला, असं मी मावशीला सांगितलं तेव्हा मावशी म्हणाली, मोठ्या घरची असन.

मी पुढे स्वतः वणीच्या एका कॉलेजात गणित शिकवलं आणि निवृत्त झाले. खिडकीच्या काचेवर कोळशाची भुकटी बसते अशा घरात बसून हे लिहिते आहे. शेवटच्या काही वर्षांत आम्हालाही पंचवीस-पंचवीस मुलं वाटून दिली जात, त्यांचे ग्रुप मोबाईलवर असत. कसं चाललंय, असं मी विचारलं की पाच मिनिटांत पंचवीस अंगठे यायचे. ‘ऑल ओके मॅम.’ त्यातल्या नऊ-दहा जणांचं काहीच ओके नाही हे मला माहीत असायचं. मी चिडायचे, आणि मग माझी ती टिंबं आठवायची.

पोळा झाला, महालक्ष्म्या झाल्या आणि पहिली चाचणी झाली. गणितात मला पन्नासपैकी नऊ मिळाले. पेपर हातात आला तेव्हा तो मी घडी करून, त्या घडीची आणखी घडी करून दप्तरात टाकला आणि घरी आल्यावर माझ्या लोखंडी पेटीत, तळाला घातलेल्या वर्तमानपत्राच्या खाली सारला. दुसऱ्या विषयांत काठावर होते. नऊ मात्र नऊच होते. पेटीला मी कधी कुलूप लावत नसे, त्या दिवशी लावलं. मावशीनं पाहिलं असावं. शनिवारी सरांनी वही सरकवली, मी पुन्हा दोन टिंबं दिली. सर त्या टिंबांकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. मग नेहमीसारखं म्हणाले, बरं.

त्या आठवड्यात मी मनातल्या मनात एक तोड काढली. विद्यापीठाकडे नावं जायच्या आधी विषय बदलता येतो, असं नोटीस बोर्डावर लागलं होतं. पालक-प्राध्यापकाच्या सहीचा अर्ज, शेवटचा दिवस पुढच्या सोमवारचा. गणित सोडायचं आणि वनस्पतिशास्त्र घ्यायचं. वनस्पतिशास्त्र म्हणजे पाठ करायचं, आणि पाठ करायला मला काही अडचण नव्हती. अर्ज मी लिहून ठेवला, स्वच्छ अक्षरात, कारण म्हणून ‘वैयक्तिक’ असं लिहून. सही कशी मागायची तेवढं जमत नव्हतं. सही मागायची म्हणजे सर विचारणार का, आणि का म्हटलं की नऊ सांगावे लागणार. नऊ सरांना कळले की मावसाजींना कळणार, तिथून बाबांना, आणि बाबांना कळले की एसटी. माझ्या डोक्यात हे सगळं एका रांगेत उभं होतं.

आणि त्या शनिवारी बाबाच आले. माझ्यासाठी नव्हे, त्यांचं दिग्रसला काम होतं. सोबत थैलीभर बरबटीच्या शेंगा आणि एका ओल्या फडक्यात बांधलेलं काहीतरी, ते त्यांनी मावशीकडे दिलं नाही, खुंटीला टांगून ठेवलं. मावसाजी म्हणाले, आलेच आहात तर पोरीच्या सरांना भेटून या, बरं दिसते. प्रॅक्टिकल संपल्यावर बाबा धोतर सावरत त्या मागच्या खोलीत आले, टोपी काढून हातात घेतली आणि उभेच राहिले. सरांनी त्यांना खुर्ची दिली आणि विचारपूस केली. यंदा पराटी कशी आहे, असं विचारलं. पराटी म्हणजे कपाशीचं झाड. बाबा म्हणाले, बरं हाय. पाऊस वेळेवर झाला का. झाला, बरा झाला. अळीबिळी? बाबा म्हणाले, चालू हाय आपलं, बरं हाय.

सरांनी एकदा बाबांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या ओठाचा कोपरा हलला, तेवढंच. मग बाबांनी विचारलं, आमची पोरगी कशी हाय सर. मी जमिनीकडे बघत होते. सरांनी वही उघडली, माझं पान काढलं आणि दुसऱ्या रकान्यावरून बोट वरून खाली नेलं.

“यांच्या म्हणण्याप्रमाणे बरं आहे,” सर म्हणाले.

“काई लागत असन तर सांगजा,” बाबा म्हणाले.

सरांचं बोट तिसऱ्या रकान्यावर गेलं. “यांना काही नको आहे.”

बाबा खूश झाले. बाहेर आल्यावर म्हणाले, मानूस चांगला हाय. मी सुटले होते. सुटल्यावर मोकळं वाटायला पाहिजे, तसं वाटलं नाही.

घरी येऊन बाबांनी खुंटीवरचं फडकं काढलं आणि मला म्हणाले, चल, बाजारातून येऊ. आम्ही बसस्टँडजवळच्या एका कृषी केंद्रात गेलो. आमच्या तालुक्याला, महागावलाही दुकानं होती, पण बाबांचा विश्वास या एकाच दुकानदारावर. त्यांनी काउंटरवर ओलं फडकं सोडलं. आत कपाशीची चार-पाच हिरवी बोंडं होती, एकेकाला भोक पडलेलं, एक तर अर्धं काळं. दुकानदारानं नखानं बोंड फोडलं. आत अळी होती. आणि मग माझे बाबा बोलायला लागले. नाल्याकडचं वावर, तीन एकर. पोळ्याच्या आधी एक फवारा मारला, महालक्ष्म्या झाल्यावर दुसरा. दुसरा मारला त्याच दिवशी संध्याकाळी पाणी आलं, तो वाहून गेला. औषध सांगितल्यापेक्षा कमी घातलं होतं, कारण डबा संपत आला होता. शेजारच्या नामदेवला तीन फवारे मारले म्हणून सांगितलंय, पण मारले दोनच. खालच्या फांदीची पाती, म्हणजे कळ्या, गळतात, वरची नाही. वखर उशिरा फिरवला, ती आपलीच चूक.

मी दाराशी उभी राहून ऐकत होते. इतकी वाक्यं बाबांनी एका दमात आमच्यासमोरही कधी बोलली नव्हती. आणि सगळी स्वतःविरुद्ध. दुकानदार मध्ये मध्ये विचारत होता, बाबा सांगत होते, लपवत काही नव्हते. शेवटी त्यानं एक औषध काढलं, कसं आणि केव्हा मारायचं ते दोनदा सांगितलं, बाबांनी दोनदा म्हणून दाखवलं, आणि आम्ही निघालो. रस्त्यात मी विचारलं.

“बाबा, सरले तर तुम्ही पराटी बरी हाय म्हणलं.”

“मंग काय म्हणू? सरजवळ औषध हाय काय?”

“पण अळी तर हाय ना.”

“ज्याच्याजवळ औषध हाय त्याले सांगा लागते. त्याले बरं हाय म्हणलं तर तो मले देणार काय?” थोडं चालल्यावर त्यांनी हातातलं फडकं झटकलं. “आन चांगलं बोंड घेऊन जाच नाई लागत. वावरातलं सगळ्यात किडकं न्या लागते. चांगल्या बोंडाकडं पाहून कोणी काय सांगन?”

एवढं बोलून ते घरी जायला पुसदच्या गाडीची चौकशी करायला गेले. त्यांना वाटलं ते कपाशीबद्दल बोलले. गाडी सुटली आणि मी घरी न जाता पायी कॉलेजकडे गेले, असं काही नाट्य घडलं नाही. मी घरी गेले, भाकरी केल्या, चून-भाकर खाल्ली. पण पेटीचं कुलूप काढलं. रविवारी सकाळी पेपर बाहेर काढला, घड्या पोलपाटाखाली दाबून सरळ केल्या, आणि पांढरीपांडे सर कुठं राहतात ते मावसाजींना विचारलं. मावसाजी माझ्याबरोबर आले. वाटेत मी त्यांना पेपर दाखवला. त्यांनी नऊचा आकडा पाहिला आणि म्हणाले, कोन्ती मशीन आहे ही. मी म्हटलं, गणित. सरांच्या फाटकाशी आल्यावर ते म्हणाले, तू बोल, मी बाहेर थांबतो.

सरांनी बैठकीत बसवलं. त्यांच्या घरी भिंतीवर पुस्तकं आणि पुस्तकांवर चादर टाकलेली, तिथंही कापूस उडत असणार. मी पेपर पुढे केला आणि त्याखाली अर्ज. म्हटलं, सर, बरं नाही. गणित समजत नाही, नऊ मिळाले, एकाही विषयात गेले तर बाबा घरी नेणार आहेत, वनस्पतिशास्त्र घेऊ द्या. हे सगळं मी घरून पाठ करून गेले होते, त्यामुळे फार भराभर म्हणून टाकलं.

सर म्हणाले, “नऊ मला त्याच आठवड्यात कळले होते. कुठं अडतं ते कळलं नव्हतं. ते या पेपरात होतं, आणि पेपर तुमच्या पेटीत.”

ते पेटी म्हणाले याचं मला आश्चर्य वाटलं. पुढे कळलं की मुलींचे पेपर पेटीतच जातात हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. त्यांनी अर्ज बाजूला ठेवला आणि पेपर खिडकीजवळ नेऊन बघत बसले. ते गणिताचे नव्हते, उत्तर बरोबर की चूक यात त्यांनी डोकं घातलंच नाही. त्यांनी विचारलं, हे तीन प्रश्न तुम्ही सोडवले, तिन्हींत मार्क आहेत. आणि हे बाकीचे कोरे का. मी म्हटलं, ते येत नव्हते. त्यांनी पेपरातच घडी घातलेली प्रश्नपत्रिका काढली, कोऱ्या प्रश्नांपैकी एक मला मोठ्यानं वाचायला लावला आणि म्हणाले, आता मराठीत सांगा, काय विचारलंय. मी वाचलं बरोबर. सांगता मात्र आलं नाही. ‘सपोज’ म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. ‘हेन्स’ हे मला कोणा गणितज्ञाचं नाव वाटत होतं. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेली मी, बारावीला मार्गदर्शकातून पाठ करून निघालेली. जिथं नुसती चिन्हं होती ती गणितं मी सोडवली होती, आणि जिथं इंग्रजी वाक्य होतं तिथं कोरी जागा सोडली होती. पेपर इतके दिवस माझ्या पेटीत होता, आणि हे मला दिसलं नव्हतं.

सरांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढलं, वनस्पतिशास्त्राचं. मधलंच एक पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. वरपासून खालपर्यंत इंग्रजी. एक चिन्ह नाही, एक आकडा नाही. मी ते पान पाहिलं आणि माझ्या स्वच्छ अक्षरातल्या अर्जाकडे पाहिलं.

“अर्ज तुमचा आहे,” सर म्हणाले. “सोमवारी आणलात तर मी सही करीन. अडवणार नाही.”

याचा मला तेव्हा राग आला होता, तो थोडा अजून आहे. सरळ सांगायचं ना, करू नकोस म्हणून. दर शनिवारी टिंबं बघत बसण्याऐवजी एकदा बोलावून घ्यायचं ना. मी स्वतः शिकवायला लागल्यावर वाट बघत बसले नाही, मुलांच्या मागे लागले, आणि त्यातल्या काहींनी मला चुकवायला दुसरा जिना वापरायला सुरुवात केली. तेव्हा सरांचं थोडं पटलं. सगळं नाही.

सोमवारी मी अर्ज नेला नाही. वही मागितली. वही शनिवारची असते, सर म्हणाले, पण दिली. दुसऱ्या रकान्यात मी लिहिलं, गणिताच्या पेपरातली इंग्रजी वाक्यं समजत नाहीत. तिसऱ्या रकान्यात लिहिलं, शब्द हवेत. ते वाचून सर पहिल्यांदा ‘बरं’ म्हणाले नाहीत. म्हणाले, किती? मी म्हटलं, सगळे. ते म्हणाले, सगळे मी देऊ शकत नाही, आठवड्याला दहा. आणि तुम्ही शोधून आणायचे, मी फक्त अर्थ सांगणार.

मग दर शनिवारी मी दहा शब्द घेऊन जायचे, प्रत्येक शब्द ज्या गणितातून आला त्या गणितासकट. शोभा पंधरा गोष्टी मागायची, मी दहा शब्द. एकदा तिनं माझी यादी पाहिली आणि सहाच नवे आहेत गं, चार मागच्या आठवड्याचेच, असं म्हणाली. तिच्याशी मैत्री झाली ती तिथून. मावशीच्या चुलीमागच्या भिंतीवर मी खडूनं शब्द लिहायचे. भाकरी थापता थापता मावशी विचारायची, हे ‘सपोज’ काय म्हणते वो. मी म्हणायचे, समजा. ती म्हणायची, समजलं ना, सांग आता. हे आम्ही कितीतरी दिवस चालवलं. तोवर जिनिंग सुरू झालं, आणि खडूच्या अक्षरांवर कापूस चिकटायला लागला.

एक काम राहिलं होतं. बाबांना नऊ सांगायचे होते. मावसाजींनी सांगितले नव्हते, मावशीनं नव्हते. तूच सांग, म्हणाले. मी दिवाळीला गावी गेले आणि सांगितलं नाही. घरात सगळ्यांनी विचारलं कॉलेज कसं, आणि मी म्हटलं, बरं हाय. चार दिवस पेपर माझ्या पिशवीत होता, आणि चार दिवस मी पिशवीकडे पाठ करून झोपले.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी बाबा कापूस घेऊन दिग्रसला आले. त्यांची आणि नामदेवकाकांची ट्रॉली एकच होती. जिनिंगच्या आवारात गाड्यांची रांग लागलेली, बाबांचा नंबर दुपारनंतर येणार होता. मावशीनं डबा दिला, ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. मी डबा घेऊन गेले. नामदेवकाका हात धुवायला नळावर गेले होते. बाबा ट्रॉलीवर, कापसावर बसले होते. वर ये, म्हणाले. मी चढले आणि कापसात कमरेपर्यंत रुतले. त्यांनी डबा उघडायच्या आत मी पेपर त्यांच्या हातात दिला. बाबांना इंग्रजी येत नव्हतं, पण लाल शाईतला नऊ आणि त्याखालचा पन्नास कळायला इंग्रजी लागत नाही.

त्यांनी पेपर उलटून मागची बाजूही पाहिली. खाली कोणीतरी ट्रॅक्टर मागे घेत होतं.

“कोणाले दाखवला?”

“सरले.”

“हाच दाखवला ना?”

“हाच.”

“मंग?”

“त्यायनं औषध सांगतलं. घेऊन राह्यली.”

“पुरं घेजो. पानी आलं म्हणून सोडू नको.”

मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं. “मार्चात गेली तर, बाबा?” मी विचारलं. “घरी नेसान?”

बाबांनी भाकरी मोडली. अर्धी माझ्या हातावर ठेवली. “थे मार्चात पाहू,” म्हणाले. “किडकं बोंड निंगालं म्हणून मी पराटी उपटतो काय?”

मार्चच्या परीक्षेत मी गणितात एक्केचाळीस मार्क मिळवून पास झाले. त्या दिवशी ट्रॉलीवर मात्र हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मी पेपर परत मागितला. बाबांनी तो दिला नाही. आहे त्याच घड्यांवर घडी घातली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. तेवढ्यात नामदेवकाका ओले हात झटकत आले, चाकावर पाय देऊन वर चढले, मला पाहून हसले आणि बाबांना म्हणाले, “काय म्हणते पोरगी? कसं काय चालू हाय कॉलेजात?”

बाबांनी ठेच्याची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

“बरं हाय,” ते म्हणाले.